पोलो किती एमएम खाली घ्यायची?

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय चालवायला जबरदस्त गाडी आहे, पण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, उभी असली की बघवत नाही राव. पुढच्या टायर आणि फेंडरच्या मधे एवढी गॅप की मांजर आत जाऊन झोपेल, आणि आमचं खरंच झोपतं. भारतासाठी कंपनीने गाडी मुद्दाम उंच केली, 165 एमएम ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची), युरोपातली हीच पोलो यापेक्षा खाली बसते. तिकडचे फोटो बघायचे आणि मग अंगणात येऊन आपली बघायची म्हणजे जीव जळतो नुसता. स्प्रिंग बदलायच्या हे नक्की होतं, प्रश्न एवढाच की किती खाली.

पुण्या-मुंबईच्या पोरांना विचारलं तर सगळे डोळे झाकून 40 एमएम सांगतात. त्यांच्याकडे चालत असेल बाबा. आमचं घर गुहागरला, रस्त्यावरून अंगणात यायला चिऱ्यांची उतरण, आत्या राहते दापोलीला, आणि दापोलीला जायचं म्हणजे धोपावे-दाभोळ फेरीबोट, नाहीतर मग चिपळूण-खेड करत भला मोठा वळसा.

आता स्पीडब्रेकरचं म्हणाल तर रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने गोल हंप 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच पाहिजे. तसा असला तर 40 खाली घेतलेली गाडीपण हळूहळू निघून जाईल. पण गावात शाळेसमोर जो असतो तो कुणीतरी उरलेल्या डांबरात एका संध्याकाळी घातलेला असतो, रुंदी हातभर आणि उंची त्याच्या मर्जीवर. तरी तो परवडला, तिरका घेता येतो. बोटीवर तिरकं जाता येत नाही.

बोटीचं गणित जरा नीट सांगतो कारण माझा निर्णय तिथेच झाला. जेटी उताराची, तुम्ही खाली उतरता, मग बोटीचा लोखंडी रॅम्प वर चढतो आणि पुढे एकदम सपाट डेक. म्हणजे लागायच्या जागा दोन, खाली उतार संपतो तिथे बंपरचा ओठ आणि वर रॅम्प संपून डेक सुरू होतो तिथे गाडीचं पोट. पोटाचा हिशोब सोपा आहे, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) साधारण 2.46 मीटर आणि मधे क्लिअरन्स 165 एमएम धरला तर गाडी जवळपास 15 अंशांचा कोपरा न घासता पार करते. 25 खाली घेतली की 13 अंश, 40 खाली घेतली की साडेअकरा. कागदावर हे दीड-दोन अंश काहीच वाटत नाहीत. शिवाय हे रिकाम्या गाडीचं, त्यात चार माणसं आणि मे महिन्यात डिकीत आंब्याच्या पेट्या टाकल्या की मागची बाजू आणखी बसते.

आणि खाली गाडी म्हटल्यावर तिथे इंच इंच सरकवत न्यावी लागते, ते डीएसजीला, म्हणजे या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला, अजिबात मानवत नाही. 7 स्पीडचा ड्राय क्लच (तेलात न बुडलेला) आहे, चढावर असं रखडवलं की तापतो. बोटीवाला हातवारे करतोय, मागे टेम्पो हॉर्न मारतोय, आणि आपण क्लच भाजत बसलोय.

तर मी काय केलं, थर्माकोल आणला. एक तुकडा 25 एमएम जाडीचा, एक 40 चा, डबल टेपने इंजिनखालच्या गार्डला सगळ्यात खालच्या जागी शेजारी शेजारी चिकटवले, तशाच दोन पट्ट्या बंपरच्या ओठाखाली. तुकडा जेवढा जाड तेवढी गाडी खाली आली असं समजायचं. एकही रुपयाची स्प्रिंग न घेता कळतं कुठे काय घासणार. नवीन स्प्रिंग कडक असते त्यामुळे खरी गाडी उसळीवर एवढी बसणार नाही, म्हणजे ही टेस्ट थोडी जास्तच कडक आहे, पण त्या बाजूने चूक झालेली बरी.

मग रोजच्यासारखी गाडी चालवली. मार्केट, चिपळूण, आणि एक रविवार आई-बाबांना घेऊन आत्याकडे. आईला सांगितलं नव्हतं, बोटीवर चढताना खालून कर्रकर्र आवाज आल्यावर ती म्हणाली, "अरे काय लागलं ते?" म्हटलं थर्माकोल. त्यावर तिने जे तोंड केलं ते इथे टाईप करता येत नाही. दाभोळला उतरून वाकून बघितलं तर 40 चा तुकडा अर्धा गायब, उरलेल्यावर रॅम्पचा गंज लागून लाल पट्टा उमटलेला. 25 च्या तुकड्यावर फक्त एक ओरखडा, नखाने केल्यासारखा, तो पण तिघं बसलेली असताना. ओठाखालची 40 ची पट्टी तर घरच्या उतरणीवरच निघाली होती.

तिथे 40 चा विषय संपला, पण समजा रस्ते काचेसारखे असते तरी मी 40 घेतला नसता. गाडी जितकी खाली तितकी वळणावर भारी, हे पोरांच्या डोक्यात घट्ट बसलंय, ते पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटवर (पोलोच्या पुढच्या सस्पेन्शनचा प्रकार) एका हद्दीपर्यंतच खरं. गाडी खाली येते तसा लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, चाकाकडचा भाग वर जातो, आर्म आडवा होऊन पुढे उलटा तिरका झाला की रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) झपाट्याने खाली जातो, गाडीच्या वजनाचा मध्य त्या मानाने कमी उतरतो. दोघांमधलं अंतर वाढलं म्हणजे वळणावर गाडीला झुकवणारा जोर उलट वाढला, मग तो दाबायला आणखी कडक स्प्रिंग, आणखी कडक शॉक अॅब्सॉर्बर. शिवाय शॉकचा वरचा प्रवास कमी होतो, जरा मोठा खड्डा आला की थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर. अर्धवट काँक्रीट, मधेच डायव्हर्जन, असा 66 नंबरचा मुंबई-गोवा हायवे ज्यांनी चालवलाय त्यांना हे समजावायची गरज नाही. परशुराम घाटात पावसात वळण घेताना चाक रस्त्याला चिकटून राहिलं पाहिजे, बंप स्टॉपवर उड्या मारायला नको.

अजून एक गोम आहे. बाहेरून मागवलेल्या स्प्रिंगच्या बॉक्सवर मायनस 30 लिहिलेलं असतं ते तिकडच्या गाडीच्या उंचीवरून. आपली मुळातच उंच, त्यामुळे इथे बसवली की 30 पेक्षा जास्त खाली येऊ शकते. म्हणून बॉक्सवरचा आकडा विसरा, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजा, आधी आणि नंतर. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि साईजसुद्धा आकड्यात घुसते. माझे टायर 185/60 आर15, उद्या 195/55 आर16 टाकले तर टायरचा डायमीटर 603 वरून 621 होतो, गाडी 9 एमएम वर जाते आणि गॅपपण भरते, हे कुणी सांगत नाही.

कॉइलओव्हर (आट्या फिरवून उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकची जोडी) घे, हवी तेवढी वरखाली कर, असं भाऊ म्हणत होता. पैशाचं सोडा, इथल्या खाऱ्या हवेत आणि लाल चिखलात त्या आट्या एका पावसाळ्यात धरतात, मग पान्याला दाद देत नाहीत. आणि स्प्रिंग कापून घेणाऱ्यांना मी हात जोडतो. ओळखीच्या एकाने कापल्या, जॅक लावला की स्प्रिंग बसल्या जागेवरून सैल होऊन खुळखुळते.

कायद्याचंही सांगून टाकतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायचा नाही, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. इन्शुरन्सवाल्याला क्लेम नाकारायला हे कारण पुरेसं असतं. 25 डोळ्यात भरत नाही हा त्यातल्या त्यात फायदा, पण नियम नियम आहे, ज्याने त्याने बघावं.

चिपळूणच्या मिस्त्रींकडे गेलो तेव्हा त्यांनी ना स्प्रिंगचं विचारलं ना ब्रँडचं. पहिला प्रश्न, "दादा, मागे माणसं किती बसतात ते सांगा आधी." म्हटलं आठवड्याला दोघं, सणाला तिघं. ते म्हणाले मग मागे पुढच्यापेक्षा कमी घ्या, नाहीतर माणसं बसली की ढुंगण टेकल्यासारखी दिसेल आणि हेडलाइट आभाळात.

तर फायनल असं, पुढे 25, मागे 20, इथल्या उंचीवरून मोजून बनवलेल्या स्प्रिंग आणि त्याबरोबर छोट्या रॉडचे शॉक, स्टॉक शॉक ठेवून पैसे वाचवायचे नाहीत. ऑर्डर गणपतीनंतर, कारण गणपतीत गाडीत पाचजण आणि मांडीवर सामान असतं. स्प्रिंग बसायला थोडे दिवस द्यायचे आणि मग अलाइनमेंट, लगेच करून उपयोग नाही. तिथे नुसता टो (चाकं वरून बघता आत-बाहेर किती वळलीत ते) सेट करून पिटाळतात, म्हणून कॅम्बरचापण (चाक समोरून बघता किती कललंय त्याचा) प्रिंटआउट मागणार आहे, आधीचा आणि नंतरचा दोन्ही.