वजन पडल्यावर आवळा

मागच्या पाट्यांच्या, म्हणजे वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या, टोकांचे रबरी बुश बदलायचे म्हणून जीप स्टँडवर चढवून ठेवली होती. पण मे महिना, फैजपूरचं ४५ अंशांचं ऊन. गाडीखाली शिरायचं ते दिवस कलल्यावरच. तोवर ओसरीवर पडून मॅन्युअल वाचत होतो. आमच्याकडे ते जेवणानंतर वाचायचं पुस्तक आहे. शॅकलच्या, म्हणजे पाटा गाडीला जोडणाऱ्या कडीच्या, आकृतीवर शेवभाजीचा रस्सा सांडलेला आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. कोरं करकरीत मॅन्युअल दिसलं की उलट त्या गाडीची काळजी वाटते.

त्यात लिहिलं होतं: बोल्ट आधी नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, वजन पडल्यावर मगच शेवटचे आवळा. खरंच आहे. गाडी लटकत असताना आवळलं तर रबर त्याच स्थितीत जखडतं, आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं.

नाक्यावरच्या मिस्तरीला हे काही पटत नाही. "काय भो, पुस्तक वाचून गाडी सुधरते का?" तो पान्ह्याला पाइप लावतो, वर पाय देतो, संपला विषय. मॅन्युअल आवळायचा जोर न्यूटन-मीटरमध्ये सांगतं. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला किलोचं माप टांगलं तर होतात ९.८. मला असा आकडा वाचून बरं वाटतं. मिस्तरीने आवळलेला बोल्ट सुटलेला मात्र अजून पाहिला नाही.

वजन पडल्यावर, हे वाचलं आणि मोठ्या काकांचा ट्रक आठवला.

केळीची कापणी असली की आम्ही पोरं मळ्यात. घड खांद्यावरून यायचे. गाडीत खाली केळीची पानं अंथरलेली, दोन घडांच्या मध्येही पानं, सालीला ओरखडा नको म्हणून. मी मात्र मागच्या चाकाशी उकिडवा बसून पाटे बघायचो. एकाखाली एक पोलादी पट्ट्या, वरची सगळ्यात लांब, खालची आखूड, ग्रीस आणि धुळीने काळ्या. गाडी भरत जाई तशी त्यांची कमान सरळ होत जायची. पट्ट्या एकमेकींवर घासून कर्रर्र वाजायच्या. त्या घासण्यातही झटका जिरतो, हे पुढे मॅन्युअलात वाचलं. काळ्या मातीवरचा रस्ता, पावसाळ्यात फुगणारा, उन्हाळ्यात भेगाळणारा. पण भरला ट्रक सावदा स्टेशनाकडे डुलत निघायचा आणि वरच्या घडालाही धक्का लागायचा नाही. तिथून केळी वॅगनीतून दिल्लीला.

परतताना तोच ट्रक उड्या मारायचा. पाटे टनांच्या हिशोबाने बनवलेले. रिकाम्या गाडीत ते वाकायला तयार नसतात. आणि रिकाम्या गाडीत बसायची ती गाडी भरणारी माणसं. दिवसभर घड वाहिलेले खांदे, फाळक्याला धरलेले हात. खड्डा आला की सगळी एकदम वर, एकदम खाली. आम्ही पोरं केबिनमध्ये गादीवर. मागून कुणीतरी ओरडायचं, "हळू घ्या ना भाऊ!"

"केळी उतरली ना," काका म्हणायचे, "आता काय खराब होणार आहे?"

आम्ही हसायचो. मागचेसुद्धा हसायचे.