इंडियानापोलिसचा रिकामा ट्रॅक आणि एक नारिंगी चॅलेंजर

न्यूयॉर्क झालं, वॉशिंग्टन झालं, नायगाराही झाला. त्यावर मी काही लिहिणार नाही. रांगा, ऊन, आणि बोटीवर देतात तो निळा प्लास्टिकचा रेनकोट, ज्यातून पाणी आत येतं आणि बाहेर जात नाही. फोटो आहेत, मागणाऱ्याला पाठवीन.

लिहायचंय ते इंडियानाबद्दल, जिथं शहाणा माणूस फिरायला जात नाही. सपाट जमीन, मका, सोयाबीन, पुन्हा मका. आम्ही गेलो ते धाकटे दीर तिथं आहेत म्हणून. ते कोलंबस नावाच्या गावात राहतात, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला गाडीनं तासाभरावर. कमिन्सचं मुख्यालय तिथलं. पुणेकरांना कमिन्स सांगायला नको; १९६२ पासून कोथरूडच्या बाजूला किर्लोस्कर कमिन्सचा भोंगा ऐकत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. पण याच कमिन्सनं १९३१ साली डिझेल इंजिनाची गाडी इंडियानापोलिस ५०० या शर्यतीत उतरवली होती आणि ती ५०० मैल एकदाही पिटमध्ये (म्हणजे इंधन-टायरसाठी गाड्या थांबतात त्या जागी) न थांबता पळाली, हे आमच्या भावजींनाही ठाऊक नव्हतं. कॅन्टीनमधल्या इडलीचा वार मात्र पाठ.

"वहिनी, शर्यत मे महिन्यात असते. आत्ता सप्टेंबरात तिथं काय बघणार? रिकामा ट्रॅक?"

रिकामाच बघायचा होता. गर्दीत मला काही दिसत नाही.

ही शर्यत होते तो ट्रॅक, स्पीडवे, म्हणजे अडीच मैलांचा लांबट गोल. कायमच्या खुर्च्याच अडीच लाखांच्या आसपास. सोळाव्या रस्त्यावरून आत शिरलं की बोगद्यातून ट्रॅकच्या खालून जावं लागतं आणि आपण ट्रॅकच्या मधल्या मैदानात निघतो. संग्रहालय तिथंच, आणि गोल्फच्या मैदानाचे चार होलसुद्धा. ट्रॅकवरून चक्कर मारणारी बस संग्रहालयापासून सुटते. वळणावर ट्रॅक साधारण नऊ अंश कललेला आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बस हळू असल्यामुळे आपण खिडकीकडे घरंगळत जातो. आमचे हे माझ्यावर आणि मी काचेवर.

मग बस थांबली ती विटांपाशी. १९०९ साली इथं ३२ लाख विटा बसवल्या होत्या. पुढं डांबर आलं, आणि आता सुरुवातीच्या रेषेवर एक यार्ड रुंदीचा पट्टा तेवढा उघडा ठेवलाय. त्या विटांचं चुंबन घ्यायची पद्धत आहे. आमच्या बसमधले सगळे गुडघ्यावर बसून, ओणवे होऊन, पार्श्वभाग आकाशाकडे करून फोटो काढून घेत होते. एकानं तर तीनदा घेतलं, कारण बायकोचा अंगठा कॅमेऱ्यापुढं येत होता. ही काही फार जुनी परंपराही नाही. १९९६ मध्ये डेल जॅरेट नावाच्या नॅसकार (अमेरिकेतल्या दुसऱ्या एका प्रकारच्या मोटार शर्यती) चालकानं इथली शर्यत जिंकल्यावर सुरू केलेली. मला जमलं नाही. देवळाच्या पायरीला मी हात लावून नमस्कार करते, तेवढा केला.

ते चाललेलं असताना मी दक्षिणेकडे बघत होते, जिथं पिट लेन, म्हणजे पिटची गल्ली, संपते. गाइड सत्तरीचा, स्वयंसेवक, टोपीवर बिल्ले. त्याला विचारलं, "एकाहत्तरचा फोटोग्राफरांचा मचाण कुठं होता हो?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की माझी साडी आणि माझा प्रश्न यांचा मेळ त्याला लागेना. मग त्याचा चेहराच उजळला. विटांकडे पाठ करून तो मला हात लांबवून दाखवायला लागला. तिकडं आज काही नाही. सपाट डांबर, पलीकडे भिंत. पाटी नाही, खूण नाही.

आता हे प्रकरण सांगते, कारण इतक्या लांब मी त्याच्यासाठीच आले होते.

या शर्यतीत गाड्या जागेवरून सुटत नाहीत. पहिली शर्यत १९११ ची, ४० गाड्यांची. इतक्या गाड्या एकदम उभ्या जागेवरून सोडल्या तर एकमेकांवर आदळतील, म्हणून स्पीडवेच्या संस्थापकांपैकी एक, कार्ल फिशर, स्वतःची स्टॉडर्ड-डेटन घेऊन पुढं झाला आणि सगळ्यांना मागं घेऊन एक फेरी मारली. तीच पेस कार. हिरवा झेंडा पडायच्या वेळेला ती बाजूला होते आणि पिट लेनमध्ये शिरते. वरातीपुढच्या बँडवाल्याचं काम: लग्न त्याचं नाही, पण सगळ्यांच्या आधी तो दिसतो.

आणि सगळ्यांच्या आधी दिसायला मिळतंय म्हटल्यावर डेट्रॉइटचे मोटार कंपनीवाले सोडतील? १९३६ पासून तर जिंकणाऱ्याला पेस कारच बक्षीस द्यायला लागले; त्या वर्षी लुई मेयरला पॅकार्ड मिळाली. साठच्या दशकात मसल कारचं खूळ आलं, म्हणजे मध्यम आकाराच्या, तरुणांना परवडेल अशा गाडीत धिप्पाड व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन कोंबायचं. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून हे सुरू झालं असं मानतात. फोर्डची मस्टँग त्याच वर्षी १७ एप्रिलला बाजारात आली आणि सहा आठवड्यांत इथं पेस कार म्हणून हजर. चालवायला कोण, तर हेन्री फोर्डचा नातू बेन्सन फोर्ड. (त्या शर्यतीच्या दुसऱ्याच फेरीत पेटलेल्या अपघातात एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड गेले. जाहिरातीत अर्थात ते येत नाही.) १९६७ ला शेवरोलेची कॅमॅरो. १९६८ ला फोर्ड टोरिनो, चालक पुन्हा घरचाच, विल्यम क्ले फोर्ड. १९६९ ला पुन्हा कॅमॅरो, १९७० ला ओल्ड्समोबिल ४-४-२. कंपन्यांची नुसती चढाओढ.

आणि १९७१ ला कुणीच नाही.

विम्याचे हप्ते तरुण पोरांच्या आवाक्याबाहेर गेले होते, धुराचे नियम कडक होत होते, इंजिनं मवाळ करावी लागत होती. खप पडला. पेस कार द्यायची म्हणजे नुसती एक गाडी नव्हे, महिनाभर पाहुण्यांना आणि अधिकाऱ्यांना फिरवायला ताफा लागतो. तो खर्च ज्या गाडीसाठी करायचा ती विकलीच जात नसेल तर कोण करणार? डेट्रॉइटच्या मोठ्यांनी पाठ फिरवली. तेव्हा इंडियानापोलिस परिसरातले चार डॉज विक्रेते पुढं आले. गावची शर्यत, गावची अब्रू. नारिंगी रंगाच्या, उघड्या टपाच्या डॉज चॅलेंजर त्यांनी उभ्या केल्या, आणि त्यांच्यापैकीच एक, एल्डन पामर, पेस कार चालवायला बसला. शर्यतपटू नव्हे, गाड्या विकणारा माणूस. सोबत बसले होते कोण? स्पीडवेचे मालक टोनी हलमन, अंतराळवीर जॉन ग्लेन आणि टीव्हीचे निवेदक क्रिस शेंकेल.

२९ मे १९७१. फेरी झाली, हिरवा झेंडा पडला, चॅलेंजर पिट लेनमध्ये आली. ब्रेक कुठं मारायचा यासाठी पामरनं सरावात एक खूण ठेवली होती. ऐन वेळी ती तिथं नव्हती, असं नंतर सांगण्यात आलं. गाडी वेगात, पिट लेन संपत आलेली. ब्रेक लागले तोवर उशीर झाला होता, आणि गाडी घसरत जाऊन फोटोग्राफरांनी खचाखच भरलेल्या त्या मचाणावर आदळली. वीसहून जास्त लोक जखमी झाले. मेलं कुणी नाही, हे नशीब. पृथ्वीप्रदक्षिणा करून सुखरूप उतरलेला ग्लेन इथं चॅलेंजरमध्ये मचाणाला धडकला. शर्यत तशीच पुढं चालू राहिली. अल अन्सर जिंकला, आणि त्या दिवशी त्याचा बत्तिसावा वाढदिवस होता.

मी तिथं उभी राहून चिडले, खरं सांगते. या प्रसंगाची थट्टाच जास्त होते. "पेस कारनंच अपघात केला", हा हा. ज्या कंपन्यांनी सात-आठ वर्षं या पोकळ डौलावर गाड्या खपवल्या, त्यांनी पडता काळ आल्यावर अंग काढून घेतलं, त्यांना कुणी हसत नाही. पडत्या काळात जो उभा राहिला त्याचं नाव पन्नास वर्षं हसण्यावारी. आणि मला विचाराल तर त्याला तिथं बसवणाऱ्यांचंही चुकलं. तासाला शंभर मैलांवर गाडी न्यायची आणि एका अरुंद गल्लीत उभी करायची हे मालकाचं किंवा दुकानदाराचं काम नव्हे. फोर्ड घराण्यातली मंडळी सुखरूप आली म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच. १९७२ ला लगेच १९६० चा विजेता जिम रॅथमन गाडीवर बसला. गाडीसुद्धा मोठ्या कंपनीनं आपणहून दिलेली नव्हतीच; गिअरचे दांडे बनवणाऱ्या हर्स्टनं ओल्ड्समोबिल सजवून आणली होती.

गाइडला यातलं थोडं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुम्ही पामरच्या नात्यातल्या का?" आमचे हे तिकडून ओरडले, "बस निघाली!"

पुढची दुपार गेली डुकराच्या मांसाच्या तळलेल्या कापाच्या सँडविचवर, जे इथलं वैशिष्ट्य आहे. पाव मध्ये नावाला, काप चारी बाजूंनी बाहेर. चव म्हणाल तर तेल आणि लोणच्याची काकडी. रात्रीच्या मोटेलमधला एसी फक्त खोलीतल्या दाराला थंड करत होता. जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर एका गावात चर्चच्या वाहनतळावर जुन्या गाड्या मांडलेल्या दिसल्या. शनिवारी लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात, बॉनेट उघडून ठेवतात आणि शेजारी घडीच्या खुर्चीवर बसतात. तिकीट नाही, भाषण नाही. मला हा प्रकार फार आवडला. आणि तिथं ती होती: १९६९ ची कॅमॅरो, पांढरीशुभ्र, नारिंगी पट्टे, आत काळ्या-नारिंगी चौकड्यांच्या कापडाच्या सीट. पेस कारसारखीच दिसणारी गाडी गिऱ्हाइकांना विकायला काढली होती त्यांतली. शेवरोलेनं अशा ३,६७५ बनवल्या.

मी तिच्याशेजारच्या आजोबांशी बोलायला गेले तर त्यांनी बोटानं आजींकडे दाखवलं. गाडी आजींची. "बसायचंय?" त्यांनी विचारलं. मी चपला काढल्या. खरंच, विचार न करता, दाराबाहेर जोडीनं ठेवल्या आणि बसले. आजी इतक्या हसल्या, की शेजारच्या खुर्च्यांवरचे लोक बघायला आले. आमच्या ह्यांना मागच्या सीटवर बसवलं. गुडघे हनुवटीला. पण त्यांचाही चेहरा प्रथमच या सहलीत माणसासारखा झाला होता.

आजींनी लिंबाचं सरबत दिलं आणि गाडी चालू करून दाखवली. आवाज कानानं कमी, बरगड्यांनी जास्त ऐकू येतो. विकणार का, हे कुणीतरी विचारलंच. आजींना त्या प्रश्नाचा तिटकारा. त्यांचं म्हणणं असं, की १९७८ च्या शेवरोले कॉर्व्हेटनं सगळ्यांची डोकी फिरवली. काळ्या-चंदेरी रंगाच्या त्या पेस कारच्या प्रतिकृती ६,५०२ निघाल्या. वर्तमानपत्रात बातमी आली, की ही गाडी म्हणजे पुढची कमाई, आणि लोकांनी सुमारे १३,६०० डॉलर किमतीच्या गाडीला दुप्पट पैसे मोजले. कित्येकांनी ती न चालवताच झाकून ठेवली, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढता. साडेसहा हजार लोकांनी एकच गाडी जपून ठेवली तर ती दुर्मीळ कशी होणार? आजी या गाडीतून बाजारहाट करतात.

आजोबा कारखान्यातून निवृत्त झालेले, युनियनवाले. त्यांची लाडकी पेस कार १९९१ ची. त्या वर्षी डॉज स्टेल्थ यायची होती, पण ती जपानात मित्सुबिशीच्या कारखान्यात बनायची. मोटार कामगारांच्या युनियननं हरकत घेतली, तेव्हा डॉजनं अजून बाजारातही न आलेली व्हायपर धाडली. आदल्याच वर्षी हृदय बदललेला जुना शर्यतपटू आणि गाड्या घडवणारा कॅरल शेल्बी ती घेऊन आला. "आम्ही आणली ती गाडी," आजोबा छाती ठोकून म्हणाले.

"व्हायपर ठीक आहे," आजी म्हणाल्या. "पण तिला मागची सीट नाही. पाहुणे आले तर बसवायचे कुठं?" आणि मागं अडकलेल्या आमच्या ह्यांना हात देऊन बाहेर काढायला वळल्या.