तुम्ही विचारलंत म्हणून: कन्फेशन केलं की सगळं माफ?

"फादरना पाप सांगायचं, माफी मिळवायची आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच करायला मोकळं. असंच ना तुमचं?" वसईची कॅथलिक म्हटल्यावर हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याने जाळीआड बसलेले फादर सिनेमात पाहिलेले असतात, आणि सिनेमा तिथेच थांबतो.

नाही, असं नाही. पापनिवेदनात, म्हणजे कन्फेशनमध्ये, पश्चात्ताप लागतो, तोंडाने कबुली लागते आणि झालेल्या नुकसानीची भरपाई लागते. फादर प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगतात, पण दुसऱ्याचं काही घेतलं असेल तर नुसत्या प्रार्थना म्हटल्याने भागत नाही. ज्याचं त्याला परत करावंच लागतं. परत करायची मनापासून तयारी नसेल तर पश्चात्तापच खरा नाही, आणि तो खरा नसेल तर फादरनी उच्चारलेली क्षमाही लागू पडत नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीनने एका पत्रात हेच स्वच्छ लिहून ठेवलं: घेतलेलं परत केल्याशिवाय पाप सुटत नाही. ऐपतच नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा जमेल तसं, जमेल तेव्हा.

याचं मूळ फार जुनं आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या गणना पुस्तकात नियम आहे की अपराध कबूल करावा, घेतलेलं पुरतं फेडावं आणि वर पाचवा हिस्सा जास्त द्यावा. नव्या करारातला जक्कय त्याच्याही पुढे गेला. यरीहोचा हा श्रीमंत जकातदार येशूला पाहायला उंबरावर चढला होता. येशू त्याच्या घरी गेला. पैशाचा विषय येशूने काढलाच नाही. जक्कय आपण होऊन म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो. तारणाची गोष्ट येशूने काढली ती त्यानंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आमच्याकडे एका गृहस्थांनी वर्षानुवर्षं बांध कोरला होता. शेजारची वाडी चुलतभावाच्या विधवेची. दर पावसाळ्याआधी कुदळीचे चार घाव जास्त, बस्स. ईस्टरआधीच्या एका उपवासकाळात त्यांनी स्वतःच्या खर्चाने सरकारी मोजणी आणली. कन्फेशनमध्ये काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही, कळायचं कारणही नाही. गावाने एवढंच पाहिलं की मोजणीवाल्याने खुणा ठोकल्या आणि घड लागलेली केळीची एक अख्खी रांग वहिनींच्या हद्दीत गेली. गृहस्थ म्हणाले, "घड तुमचेच, वहिनी." वसईत हातभर जमिनीला आज काय भाव आहे ते सांगायला नको.

पण चोरी म्हणजे फक्त जमीन आणि पैसा नव्हे. कॅथलिक शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, कॅटेकिझम, १९९२ साली निघाला. दहा आज्ञांपैकी सातव्या आज्ञेखाली, म्हणजे 'चोरी करू नको' याखाली, त्यात अन्यायाची मजुरी येते, कर चुकवणं येतं, खोटी बिलं येतात, अगदी नीट न केलेलं कामही येतं. घरकामाच्या बाईचे आजारपणातले खाडे कापून आपण मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातो, तेव्हा ते पैसे कोणाचे, हा प्रश्न आपल्यासोबत चर्चमध्ये येतो. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात तर म्हटलंय की अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते.

आणि ज्याचं घेतलं तो सापडतच नसेल तर? कमी मापाने विकलेला माल कोणाकोणाकडे गेला, कसं शोधणार? तेराव्या शतकात धर्मपंडित संत थॉमस अक्वायनसने उत्तर दिलं की मग त्याच्या नावे दान करावं. ते पुण्य म्हणून मिरवायचं नसतं, कारण ते आपलं कधी नव्हतंच.

सगळ्यात अवघड भरपाई अब्रूची. व्हॉट्सॲपवर कोणाच्या मुलीबद्दल खोटंनाटं पसरवलं, तर ज्या ग्रुपवर लिहिलं त्याच ग्रुपवर 'मी लिहिलं ते खोटं होतं' असं लिहावं लागतं. फादरच्या कानात सांगून त्या मुलीला काय मिळालं? कॅटेकिझममध्येच म्हटलं आहे की करणाऱ्याला क्षमा मिळाली, तरी भरपाईचं कर्तव्य उरतंच.

हे आम्ही घरीदारी शिकवतो म्हणूनच, मुलांचं लैंगिक शोषण करणाऱ्या धर्मगुरूंना जगात ठिकठिकाणी चर्चने फक्त बदल्या देऊन झाकलं, याची मला जास्त चीड येते. तिथे गुन्हेगाराला दया मिळाली आणि मुलांना काहीच नाही. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी वरिष्ठांकडे नोंदवणं धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना सक्तीचं केलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात या खटल्यांवरचं 'पोपच्या गोपनीयते'च्या नियमाचं कुलूपही काढलं. फार उशिरा झालं. आणि ज्यांचं बालपण गेलं त्यांना उपचार, पैसा, जाहीर माफी आणि कोर्टातला न्याय देणं हे अजूनही चर्चचं देणं आहे. तिथे पापनिवेदनाकडे बोट दाखवणाऱ्याला मी जक्कयाचीच गोष्ट वाचायला सांगते.