मागच्या काचेचं रबर

काल आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या मागच्या काचेचं रबर बदललं. झालंय खरं तर एवढंच, आणि तरी रात्री दीड वाजता मी टक्क जागी.

बदलायला तर हवंच होतं, पाऊस पडला की स्टेपनीखाली तळं व्हायचं आणि डिकीचा पत्रा खायला लागला होता. जुनं रबर उन्हानं इतकं कडक झालेलं की नखानं तुकडे निघत होते. नवीन कुर्ल्याहून मागवलं, पद्मिनीचं काहीही शेवटी कुर्ल्यालाच सापडतं, कारखानाही तिथलाच होता म्हणा. काचवाल्यानं आतून रबराची कड कापली, त्याच्या पोरानं मागच्या सीटवर बसून तळव्यांनी काच हळूहळू बाहेर ढकलली, आणि काच हातात आल्यावर तो पत्र्याच्या कडेकडे बघत म्हणाला, "ताई, टॅक्सी हुती व्हय ही?"

वर पिवळा, खाली काळा. पेंटरनं काच न काढताच क्रीम कलर मारलेला, त्यामुळे रबराखालचा रंग होता तसाच राहिला.

मी काहीतरी हसल्यासारखं केलं आणि दादाला फोन लावला. तो म्हणे, हो मग, मुंबईचीच टॅक्सी होती, तुला माहीत नव्हतं?

तुला माहीत नव्हतं. आईला माहीत, काकूला माहीत, मिरजेच्या आत्याला तर माहीत असणारच, पैसे तिनेच दिलेले. टॅक्सी असण्याचं मला काही नाही हो, उलट टॅक्सी म्हणजे कष्टाची गाडी. पण अप्पा स्टेशनवर सोडायला निघाले की दर वेळी विचारायचे, "मीटर टाकू का?" आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. सगळ्यात जोरात बहुतेक मीच. म्हणजे इतकी वर्षं त्या जोकवर ते एका गोष्टीला हसत होते आणि मी भलत्याच.

डाव्या मडगार्डावर पुढे एका जागी पेंट कायम फुगायचा, कितीही वेळा पुट्टी भरा. तिथे मीटर असणार. मुंबईत ते बाहेरच लावलेले असायचे ना, ड्रायव्हर हात काढून खाली पाडायचा. मी त्या फुगवट्यावर बसून फोटो काढलाय, पाचवीत असताना. असो.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या बंद झाल्या तेव्हा घरच्या ग्रुपवर ती बातमी मीच टाकलेली, "आपली मात्र अजून चालू आहे" असं लिहून, वर गर्वानं दोन हार्ट. काकांनी खाली नुसता हसणारा चेहरा टाकला. आता कळतंय का.

अप्पांना विचारायचं राहिलं, ते जाऊ दे.

तेवढ्यात काचवाल्यानं गंज घासून जागोजागी रेड ऑक्साइड मारला. मग काचेलाच नवीन रबर चढवलं, सांधा खाली मधोमध, आतल्या खाचेतून नायलॉनची दोरी फिरवली, सगळीकडे साबणाचं पाणी. ग्रीस का नाही विचारलं तर म्हणाला तेलानं रबर फुगतंय. काच जागेवर धरून तो बाहेरून थापट्या मारत राहिला आणि पोरगं आतून दोरी ओढत गेलं, जसजशी दोरी निघेल तसतशी रबराची कड पत्र्यावर पलटी होत बसत गेली, पायजम्याची नाडी ओढावी तशी. बघायला फार छान वाटतं हे. मी काही काळ रुसवा विसरलेच.

आणि पिवळा गेला आत. परत.

मग हिशोब केला. दादा तेव्हा मोठा होता, त्याला कळलं असणार. मी बालवाडीत. मुद्दाम कोण बसवून सांगणार, बाळ, ही गाडी आधी टॅक्सी होती? लपवलं असतं तर मीटरचा जोक तरी कशाला केला असता अप्पांनी, दर वेळी, अख्ख्या घरादेखत? म्हणजे ते सांगतच होते की. आता एवढं सांगूनही कळत नसेल एखाद्याला तर. तरी कोणीतरी एकदा सरळ सांगायला काय झालं होतं हे आहेच माझं.

दादाचा सकाळी मेसेज, "सांगली ते मिरज किती झाले?" मी नाइट चार्ज धरून रक्कम कळवली, अजून पाठवलेली नाही त्यानं.

रात्री पाऊस झाला. मागची काच आतून कोरडी, डिकीत मात्र थोडं पाणी आहेच. काचवाला फोनवर म्हणाला टेललाइटचं पॅकिंग गेलं असेल, तेही काढून बघू. काढ बाबा. त्याच्याखालून आणखी काय निघतंय ते आधी आईला विचारून ठेवते.