रिकामी स्ट्रिप

कळव्यात, खारेगावच्या बाजूला, माझं मेडिकल आहे. संध्याकाळी सातनंतर लोकल रिकाम्या होतात तशी काउंटरवर गर्दी वाढते. त्या गुरुवारी पंचविशीचा एक मुलगा दोनदा पुढे आला, दोनदा मागे सरला. बीपी-शुगरवाले पांगल्यावर त्याने खिशातून चुरगळलेली स्ट्रिप काढून काचेवर ठेवली.

"मॅडम, हे अजून एक द्या."

पाच खळगे, पाचही रिकामे. मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टोलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार. गर्भपाताचं किट.

"अजून एक कशाला?"

"बायकोने पाच दिवसांपूर्वी घेतलं. नुसते डाग लागले. बहुतेक नीट झालं नाही."

चिठ्ठी नव्हती, बिलही नव्हतं. कुठल्याशा दुकानातून आणलं आणि रात्री जेवणानंतर पाचही गोळ्या एकदम पाण्याबरोबर. खरं तर पहिल्या गोळीनंतर एक-दोन दिवस थांबून मग त्या चार घ्यायच्या असतात. पण मला त्याची तेवढी धास्ती वाटली नाही. धास्ती वाटली ती पुढच्या उत्तराची.

"सोनोग्राफी केली होती?"

"नाही. घरीच टेस्ट केली, दोन रेघा आल्या."

गोळ्या वाईट नाहीत, हे मी कुणालाही सांगेन. आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टर त्या देतात आणि बहुतेक बायकांचं त्यात व्यवस्थित होतं. पण देण्याआधी डॉक्टर हिमोग्लोबिन बघतात, रक्तगट बघतात, तांबी बसवलेली आहे का विचारतात. आणि गर्भ आहे कुठे, हे तर बघायलाच हवं. तो गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर या गोळ्यांनी काही होत नाही. तो तिथेच वाढत राहतो.

"तिला फोन लाव," मी म्हटलं.

पोरीचा आवाज दमलेला होता. ओटीपोटात उजवीकडे दुखतंय म्हणाली. मग स्वतःहूनच, जरा हसून, "सकाळपासून खांदा पण धरलाय ताई, उशी बदलायला पाहिजे."

कॉलेजात शिकलेलं सगळं लक्षात राहत नाही, पण हे राहिलं होतं. पोटात रक्त साचलं की ते श्वासपटलाला लागतं आणि कळ उठते खांद्यात. चक्कर येते का, विचारलं. मघाशी मोरीत बसूनच पडले, म्हणाली.

"रिक्षा कर आणि तिला सरळ मोठ्या हॉस्पिटलला ने. काही खायला-प्यायला देऊ नकोस. ही स्ट्रिप बरोबर ने, काय घेतलं ते लपवू नका." तो पैसे द्यायला लागला. कशाचे, त्यालाच ठाऊक.

रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. नळी फुटली होती, ऑपरेशन चालू होतं.

तीन आठवड्यांनी दोघं आयर्नच्या गोळ्या घ्यायला आले. ती उभी राहू शकत होती, पण ओठ अजून पांढरेच. मी स्टूल पुढे केलं आणि विचारलं, आधीच डॉक्टरकडे का नाही गेलात? तिला वाटत होतं, गर्भपात गुन्हा आहे. सोनोग्राफी सेंटरबाहेर बोर्डच असतो ना. अगं, तो बोर्ड मुलगा की मुलगी बघण्याबद्दलचा. गर्भपाताचा कायदा वेगळा, १९७१ पासूनचा. शिवाय नवऱ्याची सही लागेल, सासऱ्यांना कळेल, ही भीती. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते, आणि डॉक्टरने तिचं नाव गुप्त ठेवायचं असतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

तो मात्र काचेवर बोट फिरवत होता.

"मॅडम, एक सांगू? तेव्हा मी आधी तुमच्याकडेच आलो होतो. तुम्ही 'ठेवत नाही' म्हणालात."

खरं असणार. किट ठेवायचं म्हणजे नोंदी, तपासणीवाल्यांचे प्रश्न. बऱ्याच मेडिकलवाल्यांसारखं मीही ते बंद करून टाकलंय. कुणी मागितलं की "ठेवत नाही" म्हणायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घ्यायची. किती महिने झाले, हे एक मिनिटही बोलण्याचं काम मी केलेलं नाही. मान तरी वर केली असेल का?

त्या दिवशीचा तो मला आठवेना. अजूनही आठवत नाही.