तुम्ही विचारलंत म्हणून: ढब्बूला झोपवून नेलं नाही

"झोपेचं औषध देऊनच नेलं असेल ना विमानातून?" आमचा कुत्रा ढब्बू आमच्याबरोबर परदेशात आलाय हे कळलं की दहातल्या आठ जणांचा पहिला प्रश्न हाच असतो. शेवटी म्हटलं एकदा लिहूनच टाकावं, म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवून देता येईल.

तर, नाही. अजिबात नाही दिलं. गुंगीच्या औषधाने ब्लड प्रेशर खाली येतं, श्वास मंदावतो, तोल जातो, अंगाचं तापमान सांभाळणं जमत नाही, आणि हे सगळं अशा जागी जिथे तुम्ही काय, कोणीच त्याच्याजवळ नाही. गुंगीत दिसणारा कुत्रा बऱ्याच एअरलाइन्स काउंटरवरच नाकारतात आणि बरोबरच करतात. आणि तो बिचारा सामानात गारठला असेल असंही लोकांना वाटतं, पण कुत्र्यांना ठेवतात त्या भागात हवेचा दाब आपल्या केबिनसारखाच असतो, तापमान सांभाळलेलं असतं, खाली जिवंत प्राणी आहे हे कॅप्टनला लेखी कळवलेलं असतं. अंधार असतो, आवाज असतो, हे खरं. (पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी, त्यांना श्वासाचा त्रास लवकर होतो म्हणून कित्येक एअरलाइन्स त्यांना खाली घेतच नाहीत.)

पण खरं सांगू का, विमानाचा दिवस हा सगळ्यात सोपा दिवस होता. माझी झोप उडाली ती त्याच्या आधीचे पाच महिने, आणि तीही एका स्टिकरमुळे.

झालं असं की ढब्बूची रेबीजची लस वेळेवर झालेली, पुस्तकात शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. मग परदेशी जायचं ठरलं म्हणून सोळा दिवसांनी मायक्रोचिप बसवली, ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती, तांदळाच्या दाण्याएवढी असते, १५ आकडी नंबर, त्याचं बारकोडवालं स्टिकर पुस्तकात चिकटवलं. आम्ही खूश. मग कागद तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही तारखांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ही लस धरता येणार नाही. का? तर चिप आधी हवी, लस त्याच दिवशी किंवा नंतर. चिप नसताना ज्याला टोचलं तो हाच कुत्रा कशावरून? मला आधी रागच आला, मग लक्षात आलं की बाईंचं बरोबर आहे, पासपोर्ट नसलेल्या माणसाचा व्हिसा काढल्यासारखं झालं ते. ज्यांनी चिप बसवली त्या डॉक्टरांनी एका शब्दाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण मीही विचारलं नव्हतं.

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आम्ही जाणार होतो युरोपियन युनियनमध्ये, आणि आमचा देश त्यांच्या सोप्या यादीत नाही, त्यामुळे लस, मग किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, ते त्यांनी मान्य केलेल्याच लॅबमध्ये जायचं, अँटिबॉडीज मिलिलिटरला किमान ०.५ इंटरनॅशनल युनिट आल्या पाहिजेत, आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून पुढे ३ महिने थांबायचं. रिपोर्ट चांगला आला तरी थांबायचं! यावर मी डॉक्टरांशी भांडलेच. तर कारण असं, की लसीच्या आधी कुत्र्याला काही चावलं असेल तर रेबीज आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही अंगात गपचूप बसून राहू शकतो, रक्तात लसीच्या अँटिबॉडीज दिसतील आणि रोग मागाहून डोकं वर काढेल. रिपोर्टमधून हे कळत नाही, फक्त वेळ गेल्यावर कळतं.

तिकिटं काढून झालेली. नवरा पुढे गेला, मी आणि ढब्बू मागे राहिलो. यात अजून एक मेख, कुत्रा मालकाच्या प्रवासाच्या ५ दिवस आगेमागेच आला पाहिजे, नाहीतर त्याचा प्रवास व्यापारी धरतात आणि नियम बदलतात, म्हणून कोणाकडे ठेवून नंतर सावकाश मागवून घेऊ हे जमण्यासारखं नव्हतं.

आणि हे तरी बरं म्हणायचं. ऑस्ट्रेलिया किंवा जपानला रेबीज असलेल्या देशातून न्यायचं तर हीच थांबायची मुदत १८० दिवसांची आहे, वर ऑस्ट्रेलियात उतरल्यावर मेलबर्नजवळ मिकलहॅमला क्वारंटाइन. २०१५ मध्ये जॉनी डेप आणि अँबर हर्डने आपली दोन यॉर्कशायर टेरियर खासगी विमानातून न सांगता तिथे नेली तर प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, तेव्हा तिथे ओळख वगैरे काही चालत नाही. ब्रिटनला जाणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघा, जंताचं औषध पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरच्या हातून, आणि विमानाने जायचं तर कुत्रा केबिनमध्ये नाही, कार्गोनेच.

त्या पाच महिन्यांचा एक फायदा मात्र झाला, क्रेट, म्हणजे विमानात कुत्र्याला ज्यात ठेवतात तो पिंजरा. औषधाऐवजी काय दिलंत विचाराल तर हे दिलं. माप घेताना नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी आणि त्यात पायाच्या उंचीचा अर्धा भाग मिळवायचा, आत उभं राहून डोकं आणि कान वर टेकता कामा नयेत. ढब्बूने टेप दोनदा चावली. क्रेट हॉलमध्ये दार काढून ठेवला, आत माझा न धुतलेला टीशर्ट. पहिला आठवडा साहेब फक्त मान आत घालून टीशर्ट ओढून बाहेर आणायचे, मग जेवण आत द्यायला लागले, मग एका दुपारी बघते तर पाय वर करून आत घोरतोय. त्यानंतर दार लावलं, आधी पाच मिनिटं, शेवटी पूर्ण रात्र. निघायच्या आदल्या रात्री पाण्याची वाटी फ्रीझरमध्ये ठेवली, बर्फ असला की चढवता-उतरवताना सांडत नाही आणि नंतर हळूहळू वितळून प्यायला होतं.

उतरल्यावर अधिकाऱ्याने मानेवरून स्कॅनर फिरवला, काही नाही. पुन्हा फिरवला, काही नाही. माझ्या पोटात गोळा. मग त्याने शांतपणे डाव्या खांद्याकडे नेला आणि बीप झालं, चिप कातडीखाली सरकली होती, असं होतं म्हणे. पंधरा आकडे कागदाशी जुळवले, शिक्का मारला, ढब्बूकडे बघितलंसुद्धा नाही.

क्रेट आता टाकून देऊ म्हणून दोनदा दाराबाहेर ठेवला. दोन्ही वेळा ढब्बू त्याच्यात जाऊन बसला, म्हणून परत आत आणलाय.