शस्त्रक्रियागृहाची घडी बसवताना

शस्त्रक्रियागृहाची प्रमुख परिचारिका म्हणून माझ्याकडे जबाबदारी आली त्याच आठवड्यात एका आजोबांची सकाळी साडेआठची हर्नियाची शस्त्रक्रिया दुपारी दोनला सुरू झाली. रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेतलेले आजोबा स्ट्रेचरवर पडून कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होते आणि मी जवळून गेले की एवढेच विचारत होते, "सिस्टर, माझा नंबर कधी?" त्यांचा उपकरणांचा सेट धुऊन ठेवलेला होता, पण निर्जंतुक करायचा राहून गेला होता, आणि हे आमच्या लक्षात आले ते त्यांना आत घेताना.

त्यानंतर महिनाभर मी प्रत्येक रुग्णाची वेळ वहीत टिपली: आत कधी आणले, भूल कधी दिली, पहिला छेद कधी घेतला, खोली पुन्हा कधी तयार झाली. वेळ प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत जातच नव्हता. संमतीपत्र वॉर्डातच राहिलेले असे, रक्ताची सोय झालेली नसे, किंवा एकच क्ष-किरण यंत्र एकाच वेळी दोन खोल्यांना हवे असे. असा उशीर केवळ गैरसोयीचा असतो, असे मला कधीच वाटले नाही. प्रतिजैविक साधारणपणे छेदाच्या आधीच्या 60 मिनिटांत द्यायचे असते. ते देऊन झाल्यावर उपकरणासाठी ताटकळत बसावे लागले, तर हे सारे गणित चुकते. शस्त्रक्रियागृहातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. पण राहिलेली वस्तू आणायला कोणी ना कोणी सतत दार उघडत असेल, तर त्या व्यवस्थेचा उपयोग काय?

म्हणून दुसऱ्या दिवशीची यादी आदल्या संध्याकाळी पक्की करायची आणि प्रत्येक रुग्णाचे सेट, धागे व यंत्रे त्या यादीवरून रात्रीच जुळवून ठेवायची, असे आम्ही ठरवले. सुरुवातीला कुरकुर झाली. यादी उशिरा देणाऱ्यांना रोज फोन करावे लागले.

त्याहून अवघड गेली ती तपासणी सूची. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणलेल्या या सूचीत भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी असे तीनदा थांबायचे असते. आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले होते. आमच्या ज्येष्ठ शल्यचिकित्सकांना मात्र सूचीप्रमाणे रोज भेटणाऱ्या माणसांनी छेदाआधी एकमेकांना नावे सांगणे अनावश्यक वाटे. मला त्याचे मोल कळले ते एका पोटाच्या शस्त्रक्रियेत. टाके घालण्यापूर्वी गॉज, म्हणजे रक्त टिपायचे जाळीदार कापडाचे तुकडे, मोजले, तर वीसऐवजी एकोणीस भरले. सूची सुरू झाल्यापासून सर्वांसमोर बोलायची सवय लागलेली आमची सर्वांत नवी परिचारिका स्पष्टपणे म्हणाली, "सर, काउंट जुळत नाही." सरांनी सुई खाली ठेवली. पोटात पुन्हा पाहिले, बादली उपसली, आणि शेवटी रक्ताने भिजलेला तो गॉज हिरव्या कापडाच्या घडीत चिकटलेला सापडला. तोवर खोलीत मॉनिटरशिवाय कसलाही आवाज नव्हता.

यादी पक्की होऊ लागल्यावर आणखी एक गोष्ट साधली, आणि मला तिचेच समाधान अधिक आहे. पूर्वी सर्वांनाच रात्री बारापासून उपाशी ठेवले जाई. सर्वसाधारणपणे घन अन्न सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद केले तरी चालते. प्रत्येकाची वेळ ठाऊक असल्याने भूलतज्ज्ञ आता ज्याला त्याला वेगळी सूचना देतात. तातडीची शस्त्रक्रिया आली की यादी आजही मोडते. अशा वेळी मागे सरकलेल्या रुग्णाला नवी वेळ सांगायला मी स्वतः वॉर्डात जाते, आणि भूलतज्ज्ञांची हरकत नसेल तर त्याच्या हाती पाण्याचा पेला देऊनच परत येते.